चार दिवस बरं, पुन्हा पातळ: कुत्र्याचं पोट वारंवार बिघडत असेल तर काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

तक्रार साधारण सारखीच असते. कुत्र्याला पातळ शी होते, दोन दिवस उकडलेलं चिकन आणि भात दिला जातो, शी बांधून येते, नेहमीचं खाणं सुरू होतं आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा तेच. मग डॉग फूडचा ब्रँड बदलतो, गोळ्यांचा एक कोर्स होतो, जंताचं औषधही पुन्हा दिलं जातं. तिन्ही गोष्टी एकाच आठवड्यात झाल्यामुळे गुण नेमका कशाचा आला, हे कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

वारंवार बिघडणाऱ्या पोटाचं कारण बहुतेक वेळा बिघडलेल्या दिवसांत सापडत नाही. ते मधल्या बऱ्या दिवसांत असतं, जेव्हा कुणी वाटीकडे बघत नाही. त्यामुळे इथला क्रम तसा लावला आहे: आधी काय आणि किती खातो, मग बाहेर काय उचलतो, मग जंत, आणि आजारांच्या तपासण्या त्यानंतर.

आधी हे पाहा, इथे थांबायचं नाही

पिल्लू सहा महिन्यांच्या आतलं असेल किंवा लसी पूर्ण झालेल्या नसतील, तर जुलाबासोबत उलटी, सुस्ती किंवा खाणं बंद यांपैकी एक जरी असलं तरी त्याच दिवशी डॉक्टर. पार्व्हो या विषाणूच्या जीवघेण्या आजारात काही तासांचाही फरक पडतो. मोठ्या कुत्र्यात ही लक्षणं दिसली तर वाट पाहू नका: शी डांबरासारखी काळी आणि चिकट, किंवा पातळ जॅमसारखी लालभडक, पाणीही पोटात टिकत नाही, पोट ताठ आणि हात लावू देत नाही, हिरड्या पांढरट. पाणी कमी झालंय का हे घरी बघता येतं. बोट हिरडीवर दाबून सोडा, पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवा. हिरडी ओलसर, निसरडी लागायला हवी. बोटाला चिकटत असेल तर पाणी कमी पडलंय. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसायला हवी, पण म्हाताऱ्या आणि खूप रोडावलेल्या कुत्र्यात ही खूण फसवते.

कुत्रा खेळतोय, खातोय, शेपूट हलवतोय आणि फक्त शी पातळ आहे, तर पुढचं वाचा.

शी कोणत्या प्रकारची पातळ आहे

‘जुलाब’ एवढा शब्द पुरत नाही. आतड्याचा कुठला भाग बिघडलाय हे शीवरून बऱ्यापैकी कळतं आणि त्यावर पुढचा सगळा तपास ठरतो.

दिवसाला दोन ते चार वेळा, पण दर वेळी भरपूर शी होत असेल, कुंथणं नसेल, कधी उलटी होत असेल, वजन उतरत असेल, तर त्रास लहान आतड्याचा. याउलट थोडी थोडी, वारंवार शी. घाई इतकी की दारापर्यंत थांबवत नाही. शीवर जेलीसारखी आव, शेवटी ताज्या रक्ताचे एक-दोन थेंब. झाल्यावरही कुंथत बसणं. आणि वजन मात्र जसंच्या तसं. हा मोठ्या आतड्याचा प्रकार. दिसायला हा दुसरा प्रकार जास्त भयंकर असतो, पण यातले बरेच साधेच निघतात: ताण, जास्त तेलकट काही, बाहेर उचललेली घाण, किंवा व्हिपवर्म (मोठ्या आतड्यातला एक जंत) आणि जिआर्डिया (डोळ्यांना न दिसणारा आतड्यातला परजीवी). शांतपणे वजन उतरवणारा पहिला प्रकार जास्त गंभीरपणे घ्यायचा.

एक गोष्ट आजारात मोजू नका. फिरायला गेल्यावर पहिली शी घट्ट, आणि पळून-खेळून झाल्यावर दुसरी किंवा तिसरी मऊ. हे निरोगी कुत्र्यातही होतं. व्यायामाने आतडं हलतं आणि अजून पुरतं पाणी शोषलं न गेलेला माल बाहेर पडतो. दिवसाची पहिली शी कशी आहे, तिच्यावरून ठरवा.

डॉक्टर शीला १ ते ७ असे गुण देतात: १ म्हणजे कडक कोरड्या लेंड्या, २ म्हणजे आदर्श, उचलल्यावर जमिनीवर फारसा माग न ठेवणारी, ४ म्हणजे आकार आहे पण उचलताना मोडते, ७ म्हणजे नुसतं पाणी. चौदा दिवस रोज पहिल्या शीचा आकडा लिहा आणि त्याच ओळीत आदल्या दिवशी पोटात काय काय गेलं तेही. ट्रीट, चघळायची काडी, गोळी ज्यात लपवून दिली तो चीजचा तुकडा, मुलांच्या ताटाखाली पडलेलं, सगळं. घरात चार माणसं असतील तर वही डब्याजवळ ठेवा. ‘आम्ही बाहेरचं काहीच देत नाही’ या वाक्यावर वहीशिवाय विश्वास ठेवू नये. प्रत्येकजण आपल्या पुरतं खरं बोलत असतो.

पहिला संशय: खाणं जास्त होतंय

पिल्लांमध्ये आणि नसबंदी झालेल्या घरगुती कुत्र्यांमध्ये सतत मऊ राहणाऱ्या शीचं हे अगदी नेहमीचं कारण, आणि मालकांना सर्वांत कमी पटणारं. जादा खाल्लेलं लहान आतड्यात पूर्ण पचत नाही, मोठ्या आतड्यात जातं, तिथले जंतू ते आंबवतात आणि पाणी आत ओढलं जातं. खूण अशी: सकाळची शी ठीक, संध्याकाळची मऊ, रात्रीची त्याहून मऊ, कुत्रा एकदम मजेत, वजन हळूहळू वर.

मोजमाप असं करा. कुत्र्याचं वजन किलोत घ्या (जाड असेल तर जे असायला हवं ते). ते तीनदा एकमेकांशी गुणा, उत्तराचं वर्गमूळ काढा, आलेल्याचं पुन्हा वर्गमूळ काढा, ७० ने गुणा. ही नुसतं पडून राहण्यासाठी लागणारी रोजची ऊर्जा किलोकॅलरीत. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला १.६ ने गुणा, नसबंदी न झालेल्याला १.८ ने, चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ३ ने, त्यापुढे वाढ पूर्ण होईपर्यंत २ ने.

२० किलोचा नसबंदी झालेला कुत्रा घ्या. २० × २० × २० = ८०००. वर्गमूळ ८९.४, त्याचं वर्गमूळ ९.४६. गुणिले ७० म्हणजे साधारण ६६०, आणि १.६ ने गुणून १०६० किलोकॅलरी. पाकिटावर ‘३७०० किलोकॅलरी प्रति किलो’ असं लिहिलं असेल तर १०० ग्रॅममध्ये ३७०, म्हणजे दिवसाला २८५ ग्रॅम. त्यातले १० टक्के ट्रीटसाठी बाजूला काढले की वाटीत उरतात साधारण २६० ग्रॅम. हा आकडा सुरुवातीचा आहे. दोन कुत्र्यांत यापेक्षा बरंच कमी-जास्त होऊ शकतं, म्हणून तीन-चार आठवड्यांनी वजन बघून हलवायचा.

पाकिटामागचा तक्ता घरात झोपून राहणाऱ्या कुत्र्याला बऱ्याचदा जास्त पडतो. आणि ‘दोन वाट्या’ हे माप नाही. एकच कप दोन माणसांनी भरला तरी फरक पडतो, दाण्यांचा आकार बदलला की आणखी पडतो. दोन-तीन किलोच्या कुत्र्यात १५ ग्रॅमचा फरक म्हणजे जवळपास अर्धं जेवण. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा वापरा आणि दिवसभराचं सकाळीच एका डब्यात काढून ठेवा.

तपासणी सोपी आहे: बाकी काहीही न बदलता एकूण खाणं १० ते १५ टक्के कमी करा, तेवढंच उरलेलं दोनऐवजी तीन वेळांत वाटून द्या. चार-पाच दिवसांत आकडा ४ वरून ३ किंवा २ वर आला तर प्रश्न सुटला. पिल्लाचं खाणं मात्र अंदाजाने कमी करू नका, आधी वरचं गणित करा. हिशेबापेक्षा जास्त जात असेल तरच हिशेबावर आणा. दोन ते चार महिन्यांच्या पिल्लाला दिवसाला तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोनदा.

वाटीबाहेरचं

ट्रीट, चघळायच्या वस्तू आणि ‘एवढंसं’ मिळून रोजच्या कॅलरीच्या १० टक्क्यांपुढे जायला नको. ५ किलोच्या कुत्र्याची रोजची गरज साधारण ३७५ किलोकॅलरी, म्हणजे ट्रीटचा वाटा ३७. अंगठ्याएवढा चीजचा चौकोन ७० च्या आसपास जातो. एका तुकड्यात दोन दिवसांचा वाटा संपला, आणि त्यातला मोठा भाग चरबी.

शिकवणी सुरू केल्यावर पोट बिघडतं, ते यामुळेच. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवताना दहा मिनिटांत चाळीस तुकडे सहज जातात. तुकडा वाटाण्याएवढा, मोठ्या कुत्र्यालाही. त्याला संख्या कळते, आकाराशी फारसं घेणं नसतं. घरातल्या सरावासाठी त्याच्याच जेवणातले दाणे वापरा आणि तेवढे वाटीतून वजा करा. बाहेर, जिथे लक्ष विचलित होतं, तिथे उकडलेल्या चिकनचे तुकडे. आणि बक्षीस म्हणून एकाच आठवड्यात तीन नवे प्रकार आणू नका. बिघडलं तर कुठल्याने बिघडलं ते कळणार नाही.

वहीत या गोष्टी दिसल्या तर आधी त्या बंद करा. दूध: आईचं सुटल्यावर बहुतेक कुत्र्यांत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचवण्याची क्षमता घटत जाते, कुणाला दोन चमचे चालतात, कुणाला नाही. डुकराचे वाळवलेले कान आणि कातडीच्या काड्या, म्हणजे चरबी आणि न पचणारा चोथा. केसांसाठी सुरू केलेलं माशाचं तेल: पहिल्याच दिवशी पूर्ण डोस घातला की शी सैल होणारच, पाव डोसने सुरुवात करून दोन आठवड्यांत पूर्णावर न्यायचा. कलेजी: कधीतरी दोन तुकडे ठीक, वाटीभर नाही. साखरविरहित काहीही देण्याआधी लेबल वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य) असेल तर प्रश्न जुलाबाचा राहत नाही, रक्तातली साखर अचानक उतरते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. पीनट बटरच्या काही बरण्यांतही ते असतं.

ब्रँड बदलला, पोट बिघडलं, पुन्हा बदलला

आतड्यातले जंतू आणि पाचकरस रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. खाणं एका रात्रीत बदललं की चांगल्यात चांगल्या खाण्यानेही शी पातळ होते, आणि दोष नव्या खाण्यावर जातो. असे चार ब्रँड ‘सोसत नाहीत’ म्हणून बाद झालेले असतात. खरं तर एकाचीही नीट परीक्षा झालेली नसते.

बदल आठ ते दहा दिवसांचा. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग नवं, पाऊण जुनं, पुढचे दोन-तीन दिवस अर्धं-अर्धं, मग पाऊण नवं, मग पूर्ण. मधे शी सैल झाली तर मागच्या पायरीवर दोन-तीन दिवस थांबा, एकदम जुन्यावर जाऊ नका. पोट आधीच नाजूक असेल तर चौदा दिवस घ्या. नव्या खाण्याच्या कॅलरी वेगळ्या असतात, ग्रॅम पुन्हा मोजा. हे विसरल्यामुळेही बदल फसतो.

ब्रँड तोच आणि तरी पाकीट बदलल्यावर बिघडतं? तर दोन गोष्टी बघा. चव किंवा घटक बदललेत का. चिकनच्या जागी मासा आला तर तो नवा ब्रँडच समजायचा. आणि साठवण. फोडलेलं पाकीट सहा आठवड्यांत संपेल एवढंच घ्या. प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात वरून ओतत राहिलं तर तळाशी जुन्या चरबीचा थर खवट होत जातो आणि प्रत्येक नव्या पाकिटाला लागतो. पाकीट तसंच डब्यात ठेवा, तोंड घट्ट मुडपून, उन्हापासून आणि गॅसपासून दूर. बॅच नंबरही त्यामुळे हाताशी राहतो. वाटी रोज साबणाने धुवा. बोट फिरवल्यावर आत बुळबुळीत लागलं तर तो थर नुसत्या विसळण्याने जात नाही, घासावाच लागतो.

बाहेर उचलून खाणं

वही स्वच्छ, मोजमाप बरोबर, तरी दर आठ-दहा दिवसांनी जुलाबाचा एक झटका येतो आणि दोन दिवसांत आपोआप ओसरतो. मग वाटी सोडा, रस्ता बघा. मांजराची शी, मेलेलं काही, कुजकी पानं, कुणी टाकलेलं अन्न.

तोंडातून ओढून काढणं हा सर्वांत वाईट उपाय. कुत्रा एवढंच शिकतो की माणूस जवळ आला की पटकन गिळायचं. मग मागे धावणं आणि आणखी घाईने गिळणं. त्याऐवजी ‘सोड’ पद्धतशीर शिकवा:

१. मुठीत एक दाणा बंद करा, मूठ नाकापुढे धरा. चाटेल, पंजा मारेल; गप्प राहा. नाक क्षणभर मागे गेलं की ‘छान’ म्हणा आणि दुसऱ्या हातातलं बक्षीस द्या. मुठीतला दाणा त्याला कधीच द्यायचा नाही. दोन मिनिटांत सात-आठ वेळा, दिवसातून दोनदा.
२. तळहात उघडा. झेपावला की मूठ बंद. थांबला की दुसऱ्या हातातून बक्षीस.
३. दाणा जमिनीवर, त्यावर पाऊल. मग पाऊल बाजूला, पण झाकण्याच्या तयारीत.
४. दहापैकी आठ वेळा स्वतःहून मागे हटायला लागला की मगच शब्द जोडा: आधी ‘सोड’, मग दाणा दाखवा. शब्द आधीपासून ओरडत राहिलं तर त्याला अर्थच उरत नाही.
५. पट्टा लावून, जमिनीवर ठेवलेल्या दाण्यापासून दोन मीटरवरून चाला. जमलं की दीड, मग एक.

रस्त्यावर बक्षीस रस्त्यावरच्या वस्तूपेक्षा भारी हवं. मेलेला उंदीर सोडून कोरडा दाणा घ्यायला कुणी मूर्ख नसतो. हे पक्कं व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पट्टा आखूड ठेवा किंवा तोंडाला जाळी लावा. जाळी पिंजऱ्यासारखी, आत तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल अशी हवी. कापडी पट्टी फिरताना चालत नाही. तोंड मिटलेलं राहिलं की कुत्र्याला अंग थंड करता येत नाही. जाळी पहिले पाच-सहा दिवस घरात, आत खाणं लावून, स्वतःहून तोंड घालू द्या.

जंत: ‘औषध तर दिलंय’

कुठलं दिलंय, हा प्रश्न आहे. पायरँटेल गोलकृमी आणि हुकवर्मवर चालतं, प्राझिक्वांटेल पट्टकृमीवर. ही दोन मिळून बनवलेली गोळी कितीही नियमाने दिली तरी व्हिपवर्मला आणि जिआर्डियाला काही होत नाही, आणि वारंवार आव-रक्त पडण्यामागे नेमके हे दोघेच बसलेले असतात. फेनबेंडाझोल दोघांवर चालतं, पण एक दिवस नाही. सलग तीन ते पाच दिवस, वजनाप्रमाणे डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसमध्ये. गोळीचं वेष्टन जपून ठेवा आणि घटक वाचा.

तपासणीतही एक गोची आहे. जिआर्डियाचे कोश (शीतून बाहेर पडणारी त्याची कवचातली अवस्था) रोज पडत नाहीत. एक नमुना ‘नील’ आला म्हणजे सुटलो असं नाही. तीन ते पाच दिवसांत तीन नमुने, किंवा सोबत जिआर्डियाची अँटिजेन चाचणी (शीत त्याची प्रथिनं शोधणारी). व्हिपवर्मची अंडी दिसायला लागण झाल्यापासून जवळपास तीन महिने लागतात आणि मादी अधूनमधूनच अंडी घालते. त्यामुळे संशय पक्का असेल तर अहवाल नील असूनही डॉक्टर औषध देतात. ते एकदा देऊन भागत नाही. साधारण तीन आठवड्यांनी आणि पुन्हा तीन महिन्यांनी द्यावं लागतं. याची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात, म्हणजे अंगणातल्या त्याच कोपऱ्यात शी होत राहिली तर लागण परत परत होणार.

जिआर्डियात औषधाइतकीच स्वच्छता. कोश शीतून पडले की लगेच लागण करायच्या अवस्थेत असतात; कुत्रा मागचा भाग चाटतो आणि चक्र पुन्हा सुरू. शी लगेच उचला. अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवा. कोशांना ओल आणि गारवा मानवतो, कोरडेपणा नाही. वाटीवर उकळतं पाणी ओता. औषधाच्या शेवटच्या दिवशी शाम्पूने आंघोळ घाला, मागचे पाय आणि शेपटीखालचे केस नीट चोळून. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याचंही डॉक्टरांना विचारा. आणि शी चांगली झाली असेल तर अँटिजेन चाचणीच्या मागे लागू नका. बरं झाल्यावरही ती काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, निव्वळ त्या रेघेसाठी औषध देत राहण्यात अर्थ नाही.

झटका आलाय त्या दोन-तीन दिवसांत

उपाशी ठेवण्याची जुनी पद्धत आता फारशी सांगितली जात नाही. पिल्लाला आणि अगदी लहान जातीच्या कुत्र्याला तर कधीच उपाशी ठेवू नका, साखर उतरते. हाडं आणि कातडी काढून उकडलेलं चिकन एक भाग, मऊ शिजवलेला भात दोन भाग, मीठ-मसाला-तेल काही नाही. कांदा-लसूण घातलेलं पाणीही नको. चार-पाच लहान जेवणं, पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मंच. शी बांधल्यावर एक दिवस थांबून तीन-चार दिवसांत पूर्वीच्या खाण्यावर या. या भात-चिकनमध्ये कॅल्शियम जवळपास नसतं. महिनाभर त्यावर ठेवलेल्या वाढत्या पिल्लाची हाडं कच्ची राहतात. शी ‘फक्त भात-चिकनवरच’ चांगली राहत असेल तर तो उपाय नसून खूण आहे. तिच्याकडे पुढे येतो.

मोठ्या आतड्याच्या प्रकारात इसबगोल चांगलं काम करतं. दिवसाला १० किलो वजनामागे अर्धा ते एक चहाचा चमचा, पाण्यात भिजवून, खाण्यात मिसळून. कोरडं घालायचं नाही. शिजवलेला साधा लाल भोपळाही चालतो, एक-दोन चमचे. कुत्र्यांसाठीचं प्रोबायोटिक दिलं तर दोन ते चार आठवडे द्या, गरम अन्नात नको. अँटिबायोटिक चालू असेल तर दोघांत दोन तासांचं अंतर.

माणसांच्या जुलाबाच्या गोळ्या घरच्या घरी देऊ नका. लोपेरामाइड कोली आणि त्याच्या जवळच्या जातींच्या काही कुत्र्यांत मेंदूपर्यंत पोचतं. एका जनुकाच्या दोषामुळे त्यांना ते बाहेर ढकलता येत नाही. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचं प्रकरण वेगळं. त्याने शी दोन दिवसांत बांधते, म्हणून मागच्या वेळची उरलेली पट्टी प्रत्येक घरात सापडते. पण साधा जुलाब त्याच्याविनाही बहुतेक वेळा काही दिवसांत थांबतो, आणि या गोळीने आतड्यातले चांगले जंतू असे कमी होतात की ते सावरायला कित्येक आठवडे लागतात. दर महिन्याला एक कोर्स म्हणजे पुढच्या बिघाडाची तयारी.

तरीही येतच राहिलं तर

तीन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं, किंवा मोजमाप, ट्रीट, जंत सगळं सरळ करूनही पुन्हा आलं, तर पुढची पायरी म्हणजे खाण्याची शिस्तबद्ध परीक्षा. जुनाट जुलाबाचे निम्म्याहून जास्त कुत्रे नुसतं खाणं बदलून सुधारतात. वरची ‘फक्त भात-चिकनवर चांगला’ ही खूण इथे उपयोगी पडते: नेहमीच्या खाण्यातली चरबी किंवा एखादं प्रथिन त्याला मानवत नसावं.

डॉक्टरांकडून हायड्रोलाइज्ड प्रथिनाचं, म्हणजे प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं, खाणं घ्या, किंवा त्याने आजवर न खाल्लेल्या प्रथिनाचं. पोटासाठी दोन आठवड्यांत फरक दिसायला लागतो. खाज असेल तर आठ आठवडे लागतात. या काळात तोंडात दुसरं काहीही नाही. सर्वांत जास्त परीक्षा फसतात त्या चवदार गोळ्यांमुळे: जंताची, गोचिडांची, सांध्यांची चघळायची गोळी, चिकनच्या चवीची टूथपेस्ट. महिन्याची गोळी केव्हा येते ते पाहून तारीख ठरवा. बरं वाटल्यावर जुनं खाणं एकदा परत देऊन बघतात. तीन-चार दिवसांत पुन्हा पातळ झालं तर उत्तर मिळालं.

त्यानेही भागलं नाही तर रक्ततपासणी. इथे दोन नावं डॉक्टरांसमोर स्वतःहून काढायला हरकत नाही. कुत्रा भस्म्या झाल्यासारखा खातो, स्वतःची शीसुद्धा, तरी बरगड्या दिसताहेत, शी ढिगाने, फिकट, तुपकट. मग स्वादुपिंडाचे पाचकरस कमी पडताहेत का हे बघायला टीएलआय चाचणी, उपाशीपोटी. जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं. जेवणात एन्झाइमची पूड आणि लागलं तर बी-१२ देऊन असे कुत्रे चांगले जगतात. दुसरं ॲडिसन, म्हणजे मूत्रपिंडाजवळच्या ॲड्रिनल ग्रंथींचे कॉर्टिसोलसारखे हार्मोन कमी पडणं: तरुण किंवा मध्यमवयीन कुत्री, कधी कुत्रा, पाहुणे किंवा प्रवास झाला की गळून जातं, उलटी-जुलाब, सलाईन लावलं की चमत्कारासारखं टवटवीत, आणि महिन्याभराने पुन्हा तेच. वारंवार ‘पोट बिघडलं’ म्हणून निघून जाणारा हा आजार साध्या कॉर्टिसोलच्या तपासणीने बराचसा बाजूला काढता येतो.

डॉक्टरांकडे जाताना चौदा दिवसांची वही, खाण्याच्या पाकिटाचा मागचा फोटो, दिलेल्या प्रत्येक औषधाचं वेष्टन आणि शीचा नमुना घेऊन जा. नमुना त्याच दिवशीचा, मधल्या भागातला, माती न लागलेला, अक्रोडाएवढा, झाकणाच्या डबीत. चार तासांत पोचणार नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नाही, आणि चोवीस तासांपेक्षा जुना नेऊ नका.